‘आय-सेव्हन’च्या पुढचे आकडे वाचा, ताई

प्रश्न : नमस्कार. माझ्या मुलाची यंदा बारावी झाली. सीईटीत चांगले पर्सेंटाइल मिळाले तर गेमिंग कॉम्प्युटर घेऊन देईन, असा शब्द मी दिला होता. त्याने त्याचं काम केलं, आता माझी पाळी आहे. मॉनिटरसकट ८०,००० रुपयांच्या वर मी जाणार नाही. तो म्हणतो, प्रोसेसर ‘रायझन ७ ९८००एक्स३डी’च हवा, बाकीचं नंतर बघू. इथला दुकानदार म्हणतो, “आय-सेव्हनच घ्या, आय-फाइव्ह ऑफिसला असतो.” त्याने २८,००० रुपयांत आय-सेव्हनचा अख्खा गेमिंग सेट दाखवला, तोही मॉनिटरसकट! कोटेशनचा फोटो जोडला आहे. माझे दीर म्हणतात, एएमडी तापतो, इंटेलच घ्या. मी पतसंस्थेत नोकरी करते, आकड्यांची मला भीती नाही, पण हे आकडे कळत नाहीत. मुलगा व्हॅलोरंट खेळतो आणि सायबरपंक नावाचा खेळ त्याला खेळायचा आहे. प्रोसेसर कुठला घेऊ?
— एक आई, सांगली

ताई, नमस्कार.

आधी त्या कोटेशनचं बघू, कारण २८,००० हा आकडा मोहात पाडणारा आहे. फोटो मोठा करून पाहिला. पहिल्याच ओळीत ठळक ‘आय-सेव्हन’ आणि त्याच्या शेजारी बारीक अक्षरात ‘३७७०’ असं लिहिलंय. सगळी गोम त्या बारीक अक्षरांत आहे. हा प्रोसेसर २०१२ सालचा. तो बाजारात आला तेव्हा चिरंजीव बालवाडीत असतील.

इंटेल कंपनी ‘आय-सेव्हन’ हे नाव २००८पासून वापरत आली आहे. त्यामुळे नुसतं ‘आय-सेव्हन’ म्हटल्याने काहीच कळत नाही. पिढी कळते ती पुढच्या आकड्यावरून. ३७७० ही तिसरी पिढी, १२४०० ही बारावी, १४४०० ही चौदावी. बाराव्या पिढीतला सगळ्यात साधा आय३-१२१०० घेतला, तर त्यातही त्या जुन्या आय-सेव्हनइतकेच चार कोअर (एकाच वेळी वेगवेगळं काम करणारे भाग) आहेत, पण वेगात तो त्याला सहज मागे टाकतो. तेव्हा “आय-फाइव्ह ऑफिसला असतो” हे वाक्य दुकानातच सोडून या.

वेगाचं एक वेळ चालवून घेऊ, पण या सेटची खरी अडचण पुढे आहे. विंडोज ११साठी मायक्रोसॉफ्टने जी यादी ठरवली, त्यात इंटेलच्या आठव्या पिढीपासूनचे प्रोसेसर येतात. विंडोज १०चा नेहमीचा मोफत आधार १४ ऑक्टोबर २०२५ला संपला. व्हॅलोरंटची फसवणूक पकडणारी जी यंत्रणा आहे, ती विंडोज ११वर टीपीएम २.० आणि सिक्युअर बूट या सुरक्षेच्या दोन सोयी मागते. सायबरपंकच्या कंपनीने किमान गरज म्हणून जो आय-सेव्हन सांगितलाय, तो ६७००, म्हणजे सहाव्या पिढीचा. शिवाय एव्हीएक्स२ नावाच्या सूचना काही नव्या खेळांना लागतात, त्या या तिसऱ्या पिढीत मुळात नाहीतच. आणि त्याच कागदावरचं ‘४ जीबी ग्राफिक कार्ड’ म्हणजे जीटी ७३०, जे २०१४ साली आलं तेव्हाही खेळांसाठी नव्हतं. चार जीबी हा त्याच्यावरच्या मेमरीचा आकडा आहे. त्याच्या ताकदीशी त्याचा काही संबंध नाही. हा सेट टायपिंग आणि टॅलीला ठीक आहे. ‘गेमिंग’ हा शब्द तिथे कॅबिनेटच्या रंगीत दिव्यांमुळे आलाय.

आता चिरंजीवांच्या मागणीकडे. मुलगा चुकीचं बोलत नाही, हे आधी कबूल करू. नोव्हेंबर २०२४मध्ये आलेला एएमडीचा ९८००एक्स३डी बाजारात आला तेव्हा खेळांसाठी त्याच्याइतका वेगवान प्रोसेसर दुसरा नव्हता. प्रोसेसरला सतत लागणारी माहिती जवळ ठेवण्यासाठी त्याच्या पोटात कॅशे नावाची छोटी, फार वेगवान मेमरी असते. साध्या रायझनमध्ये ती साधारण ३२ एमबी असते. एक्स३डी प्रकारात आणखी ६४ एमबीचा थर चढवून ९६ एमबी केलेली आहे. खेळांना याचा फायदा होतो, कारण दर वेळी रॅमपर्यंत हेलपाटा घालावा लागत नाही. पण त्याची मूळ किंमतच ४७९ डॉलर होती. त्यावर आपला जीएसटी धरा. त्या एका डबीत तुमच्या ८०,०००पैकी निम्मे पैसे जातील. बोर्ड, रॅम आणि मॉनिटर घेतल्यावर ग्राफिक कार्डाला काहीच उरणार नाही. ‘बाकीचं नंतर बघू’ याचा अर्थ तोच. त्या प्रोसेसरमध्ये छोटंसं ग्राफिक्स आहे, त्यामुळे पडदा चालू होईल, व्हॅलोरंटही कसंबसं चालेल. सायबरपंक मात्र चित्रांचा अल्बम पाहिल्यासारखा दिसेल.

असं का, ते स्वयंपाकघरातून सांगतो. दोघी मिळून पोळ्या करताय, एक लाटतेय आणि दुसरी भाजतेय. प्रोसेसर लाटतो : शत्रू कुठे आहे, गोळी कुठे लागली, भिंत पडली का, पुढच्या चित्रात काय काय असणार, हे सगळं तो ठरवतो. ग्राफिक कार्ड भाजतं, म्हणजे ते चित्र प्रत्यक्ष रंगवतं. लाटणारी हळू असेल तर तवा रिकामा तापत राहतो. भाजणारी हळू असेल तर लाटलेल्या पोळ्या कच्च्याच ओट्यावर साचतात. ताटात पोळ्या किती पडल्या, हे दोघींत जी हळू तिच्यावर ठरतं.

कुठल्या खेळात कोण हळू पडतं, हे वेगवेगळं असतं. व्हॅलोरंटमधलं चित्र साधं आहे, आणि चुरशीने खेळणारी मुलं ते आणखी साधं करून खेळतात. कार्डाला त्यात फारसं काम नसतं, तिथे प्रोसेसरच्या वेगाला किंमत आहे. सायबरपंकमध्ये पावसात भिजलेल्या रस्त्यावर दुकानांच्या पाट्यांची प्रतिबिंबं रंगवायची असतात. तिथे कार्ड घामाघूम होतं आणि प्रोसेसर त्याची वाट बघत बसतो. पडदा जितका मोठ्या रिझोल्यूशनचा, म्हणजे जितक्या जास्त ठिपक्यांचा, तितकं कार्डाचं काम वाढतं. प्रोसेसरचं जवळपास तेवढंच राहतं.

आता यूट्यूबवरचे ते तक्ते, जे तुम्हाला रोज जेवताना दाखवले जात असतील. ते खोटे नसतात. पण प्रोसेसर तपासणारे लोक मुद्दाम बाजारातलं सगळ्यात महाग कार्ड लावतात आणि पडदा १०८०पी या कमी रिझोल्यूशनवर ठेवतात. कार्डाची अडचण पूर्ण काढून टाकली की मग प्रोसेसर-प्रोसेसरमधला फरक उघडा पडतो, आणि तपासायची पद्धत म्हणून ते बरोबरच आहे. तुमच्या घरात मात्र ते कार्ड नसणार. मध्यम कार्ड लावून सायबरपंक चालवला, की ९८००एक्स३डी आणि त्याच्या एक तृतीयांश किमतीचा सहा कोअरचा प्रोसेसर यांच्यातला फरक बराचसा पुसला जातो. चिरंजीवांना विचारा, “त्या व्हिडिओत कार्ड कुठलं लावलं होतं?” प्रश्न साधा आहे, पण उत्तर देताना त्याचं त्यालाच बरंच कळेल.

भावजींच्या म्हणण्याला इतिहास आहे. एएमडीचे २०११नंतरचे एफएक्स मालिकेतले प्रोसेसर खरंच वीज खायचे. त्यातला २०१३चा ९५९० तर २२० वॅटचा होता. मार्च २०१७मध्ये रायझन आला आणि तो विषय संपला. आज उलट इंटेलचा आय९-१४९००के २५३ वॅटपर्यंत जातो. तुमच्या बजेटात येणारे दोन्ही कंपन्यांचे प्रोसेसर ६५ वॅटच्या वर्गातले आहेत. सांगलीच्या मे महिन्यात, एसी नसलेल्या खोलीत, यांच्यातल्या कंपनीपेक्षा कॅबिनेटच्या पुढच्या बाजूला काच आहे की जाळी, याने जास्त फरक पडेल. जाळी घ्या.

मग घ्यायचं काय?

सहा कोअरचा प्रोसेसर घ्या आणि तिथेच थांबा. आज खेळ आणि इंजिनिअरिंगचा अभ्यास, दोन्हीला सहा पुरतात. पण ताई, इथे एक गोष्ट नीट समजून घ्या, कारण दुकानात ती कोणी सांगत नाही : प्रोसेसर एकटा घरी येत नाही. तो ज्यात बसतो तो मदरबोर्ड आणि त्या बोर्डाला चालणारी रॅम, हे तीन मिळून एक खर्च आहे. प्रोसेसर ३,००० रुपयांनी स्वस्त मिळाला आणि बोर्ड ५,००० रुपयांनी महाग पडला, तर काय झालं हे पतसंस्थेतल्या माणसाला मी सांगायला नको.

एक वाट जुन्या, मुरलेल्या सामानाची आहे. एएमडीचा रायझन ५ ५६०० किंवा इंटेलचा आय५-१२४००एफ. दोघेही २०२२चे, दोघांनाही सहा कोअर आणि बारा थ्रेड (एकाच वेळी हाताळता येणारी कामं), दोघांनाही डीडीआर४ ही आधीच्या पिढीची रॅम चालते. खेळताना दोघांत फार फरक नाही. त्या दिवशी बोर्डासकट ज्याची बेरीज कमी येईल तो घ्या, यावर घरात चर्चासत्र नको. दुकानदार १३४००एफ किंवा १४४००एफ पुढे करेल. त्यात छोटे चार कोअर जास्त आहेत, पण खेळाला त्याचा लाभ थोडा. फरक हजार-दीड हजाराचा असेल तरच हो म्हणा.

दुसरी वाट नव्या सामानाची आहे, आणि मन माझं तिकडे आहे. एएमडीचा रायझन ५ ७५००एफ, एएम५ सॉकेटच्या बोर्डावर, डीडीआर५ रॅमसह. सॉकेट म्हणजे बोर्डावरची प्रोसेसर बसवायची जागा. कारण असं की पहिल्या वाटेवरचे दोन्ही सॉकेट आता शेवटाला आलेत. एएम५ २०२२मध्ये आला आणि २०२७पर्यंत व त्यापुढेही तो चालू ठेवू, असं एएमडीने जाहीर केलं आहे. आणि गंमत म्हणजे चिरंजीवांचा लाडका ९८००एक्स३डी याच सॉकेटमध्ये बसतो. आज तुम्ही ७५००एफ घेऊन द्या. चार वर्षांनी नोकरी लागली की त्याने स्वतःच्या पगारातून एक्स३डी आणून त्याच बोर्डावर बसवावा. घरातल्या वाटाघाटीसाठी हा मुद्दा तुम्हाला आयता देतोय.

अडथळा रॅमचा आहे. २०२५च्या अखेरीस रॅमचे भाव झपाट्याने चढले. एआयसाठी उभ्या राहणाऱ्या डेटा सेंटरांची मागणी इतकी वाढली की मेमरी बनवणाऱ्या कंपन्यांचा माल तिकडेच वळला, आणि आपल्यासारख्या सुट्या गिऱ्हाइकाला चढ्या भावाने घ्यावी लागू लागली. म्हणून कोटेशन हातात आलं की आधी रॅमची ओळ बघा. दोन्ही वाटांची प्रोसेसर, बोर्ड, रॅम अशी तिघांची बेरीज वेगवेगळी लिहून घ्या. नव्या वाटेची बेरीज खिशात बसत असेल तर तीच घ्या. पण ती बसवण्यासाठी ग्राफिक कार्ड खालच्या दर्जाचं करावं लागत असेल, तर घेऊ नका. निमूट पहिली वाट धरा. खेळ आज खेळायचाय, सॉकेट चार वर्षांनी कामाला येणार आहे.

कार्ड आरटीएक्स ५०६० किंवा आरएक्स ९०६० एक्सटी या दर्जाचं असावं. माझा ढोबळ हिशेब असा की प्रोसेसरला जेवढे द्याल, त्याच्या दुपटीच्या आसपास कार्डाला द्या. कोटेशनमध्ये हे प्रमाण उलटं दिसलं तर कागद परत करा.

एका सापळ्याबद्दल जरा थांबून सांगतो, कारण त्यात भले भले अडकतात. तुम्ही रायझन ५ ५६०० मागाल आणि दुकानदार ५६००जी काढेल. “मॅडम, हा वरचा आहे, यात ग्राफिक्स आतच आहे.” आकडा तोच, अक्षर एक जास्त, त्यामुळे वरचा वाटतोही. प्रत्यक्षात त्याचा कॅशे निम्मा आहे, ३२च्या जागी १६ एमबी. आणि कार्डाशी बोलायचा त्याचा रस्ता जुन्या पीसीआय एक्सप्रेस ३.० पद्धतीचा आहे, तर ५६००चा ४.०. आरटीएक्स ५०६०सारखी कार्डं आठच लेन वापरतात, त्यांना हा अरुंद रस्ता काही खेळांत जाणवतो. ५५०० नावाचा जो आणखी स्वस्त मिळतो, त्याचंही हेच. ५६००जी वाईट नाही. ज्याला कार्ड घ्यायचंच नाही त्याच्यासाठी तो उत्तम आहे. तुम्ही कार्ड घेताय, तुम्हाला नको.

इंटेलच्या बाजूला ‘एफ’ अक्षराचा अर्थ आत ग्राफिक्स नाही असा आहे. कार्ड असल्यावर त्याने काही बिघडत नाही आणि पैसे वाचतात. फक्त मॉनिटरची केबल मदरबोर्डाला न लावता कार्डालाच लावायची, नाहीतर पहिल्याच संध्याकाळी पडदा काळा बघून दुकानाला फोन जाईल. ‘के’ अक्षराचा प्रोसेसर घेऊ नका, तो प्रोसेसरचा ठरलेला वेग स्वतः आणखी वाढवून प्रयोग करणाऱ्यांसाठी असतो. आणि कोणी तेराव्या-चौदाव्या पिढीतला आय७ किंवा आय९ जुन्या बाजारात स्वस्त देऊ करत असेल, तर त्यापासून लांबच राहा. त्या पिढ्यांतल्या वरच्या प्रोसेसरांना जास्त व्होल्टेजमुळे कायमची इजा होत होती. इंटेलने २०२४मध्ये मायक्रोकोड, म्हणजे प्रोसेसरच्या आतला प्रोग्राम, बदलून ते थांबवलं आणि वॉरंटी दोन वर्षांनी वाढवली, पण आधीच बिघडलेला प्रोसेसर त्याने दुरुस्त होत नाही. वर सांगितलेला १२४००एफ या भानगडीत नाही.

खरेदीला सांगलीतच जा, किंवा पुण्याला तपकीर गल्लीत, मुंबईला लॅमिंग्टन रोडला जा, बोलणं सारखंच होईल : “बिल नको असेल तर अठरा टक्के कमी करतो.” जीएसटीचं बिल घ्याच, त्यावर सिरियल नंबर लिहून घ्या. प्रोसेसर सीलबंद डबीतला मागा. ‘ट्रे’ म्हणून जो सुटा मिळतो तो थोडा स्वस्त असतो. पण त्यात पंखा नसतो, आणि डबीवर कंपनी जी तीन वर्षांची वॉरंटी देते ती त्याला नसते. दुकानदार देईल तेवढीच. ५६०० आणि १२४००एफ या दोघांच्या डबीत पंखा येतो आणि तो पुरतो. कॅबिनेटबरोबर फुकट मिळणारा एसएमपीएस, म्हणजे सगळ्या भागांना वीज पुरवणारा डबा, घेऊ नका. नावाजलेल्या कंपनीचा, ८० प्लस शिक्का असलेला, ५५० किंवा ६५० वॅटचा स्वतंत्र घ्या. या एका भागात काटकसर केली, तर तो जाताना शेजारच्या महाग वस्तूंना बरोबर घेऊन जातो.

मॉनिटरचं तुम्ही विचारलं नाहीत, पण प्रोसेसरचा पैसा वसूल होतो तो तिथेच. ६० हर्ट्झचा पडदा सेकंदाला ६०च चित्रं दाखवू शकतो. मग प्रोसेसरने ३०० तयार केली तरी मुलाला दिसणार ६०. हाताला खेळ थोडा चपळ लागेल एवढंच. व्हॅलोरंट खेळणाऱ्यासाठी १०८०पी, २४ इंची, किमान १४४ हर्ट्झचा घ्या. आणि घरी आल्यावर विंडोजच्या डिस्प्ले सेटिंगमध्ये जाऊन तो १४४वर लावा. कित्येक घरांत तो पडदा वर्षानुवर्षं ६०वरच चालू असतो आणि कोणाला पत्ता नसतो.

रॅम एकच १६ची कांडी न घेता आठ-आठच्या दोन घ्या. प्रोसेसरला दोन्हीकडून एकाच वेळी माहिती मिळते, खेळात हा फरक डोळ्यांना दिसतो. मग बायोसमध्ये, म्हणजे बोर्डाच्या मूळ सेटिंगमध्ये, रॅमचा पूर्ण वेग सुरू करणारं एक्सएमपी किंवा एक्स्पो चालू करून द्यायला दुकानदाराला सांगा. नाहीतर वेगवान रॅमचे पैसे देऊन ती सावकाश चालत राहील. घरात किंवा भावजींच्या ऑफिसात एखादा पडीक डेस्कटॉप असेल आणि त्यात डीडीआर४ असेल, तर पहिल्या वाटेवर ती वापरता येते का तेही बघून घ्या. सध्याच्या भावात त्यात कमीपणा नाही.

राहिली एक गोष्ट, आणि खरं तर ती पहिली आहे. चिरंजीवांची इंजिनिअरिंग प्रवेशाची कॅप राउंड झाली का? तुमच्या पत्रात त्याचा उल्लेख नाही. सांगलीतच वालचंद कॉलेजला किंवा इस्लामपूरला (आताचं ईश्वरपूर) प्रवेश मिळाला आणि तो घरून जाऊन-येऊन राहणार असेल, तर वर लिहिलं ते सगळं जसंच्या तसं लागू. पुण्या-मुंबईला वसतिगृहात जाणार असेल, तर हा डेस्कटॉप सांगलीच्या हॉलमध्ये दिवाळीची वाट बघत बसेल आणि कॉलेजसाठी तुम्हाला वेगळा लॅपटॉप घ्यावा लागेल. म्हणून अलॉटमेंट हातात येईपर्यंत एक रुपयाही आगाऊ देऊ नका, दुकानदार “भाव उद्या वाढेल” म्हणाला तरी. वसतिगृहाचंच ठरलं तर मला पुन्हा लिहा. लॅपटॉपमध्ये प्रोसेसरच्या नावापुढची अक्षरं वेगळी असतात आणि त्यांचे अर्थही वेगळे.